माहेरच्या रस्त्यावर रुसणारी गाडी

आमची गाडी फक्त माझ्या माहेरच्या रस्त्यावर बंद पडायची. बाजारात नाही, दवाखान्याच्या आवारात नाही, नवऱ्याच्या मावसभावाच्या लग्नाला नागपूरला गेलो तेव्हाही नाही. गडचिरोलीहून निघून वैनगंगेचा पूल ओलांडला, व्याहाड मागे टाकलं, की हिच्या पोटात दुखायला लागायचं. नवरा म्हणायचा, बायकांना माहेरची ओढ असते, तुझ्या गाडीला सासरची आहे. पहिल्या वेळी मी हसले. नंतर नंतर त्याच्या त्या विनोदानं माझं डोकं फिरायला लागलं.

गाडी घेतलीच होती मुळी माहेरासाठी. आई गेल्यावर बाबा गावी एकटे राहिले. गाव मूल शहराच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. धानाची शेती, दोन बैल आणि आईच्या हातची पोळी खाऊन म्हातारं झालेलं एक कुत्रं, एवढाच त्यांचा संसार उरला होता. आमच्याकडे राहायला चला म्हटलं की ते विचारायचे, तुमच्या क्वार्टरात बसून मी काय भिंती मोजू का. एसटी जाते, पण ती फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून गावापर्यंत जंगल आहे. त्या रस्त्याच्या धुळीत सकाळी वाघाचे पंजे उमटलेले दिसतात, त्यामुळे दिवस कलला की कोणी एकटं चालत नाही. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी स्टिअरिंग हातात धरलं आणि बदली होऊन चाललेल्या एका मास्तरांची जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्या पुढच्या काचेखालची काळी जाळी एका कोपऱ्यात तुटलेली होती. मास्तर म्हणाले, दिसायचं तेवढंच, बाकी गाडी सोन्यासारखी आहे.

मी सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर काम करते. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी खिडकी बंद झाली की मी तशीच निघायची आणि रविवारी दुपारचं जेवण करून परत यायची. एरवी गाडी बहुतेक क्वार्टरासमोर उभीच. दवाखाना पायी जाण्याजोगा, आणि नवऱ्याची मोटरसायकल होतीच. बाबा त्या शनिवारी सकाळीच दाढी करून ठेवायचे. लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात शिजवायचे, भातात हमखास पाणी जास्त व्हायचं, आणि मग मला घ्यायला काठी टेकत फाट्यापर्यंत चालत यायचे. मी गाडीतूनच येणार, मला फाट्यावर घ्यायला कशाला, असं हजार वेळा सांगून झालं होतं. त्यांना तिथे उभं राहायला आवडायचं, दुसरं काही नाही.

आता गाडी बंद पडण्यात माझ्या जिवाला घोर कसला होता ते सांगते. फाट्यावर फोन लागत नाही. मी इकडे रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी, आणि तिकडे बाबा जंगलाच्या तोंडाशी माझी वाट पाहत उभे. पहिल्यांदा बंद पडली ती सावली गावाच्या अलीकडे, मोहफुलं वेचायच्या दिवसांत. एक गुराखी बापडा त्याच्या म्हशी सोडून माझ्याजवळ थांबून राहिला, कारण बाईमाणसाला तिथे एकटं सोडणं त्याला बरं वाटेना. त्याच दिवशी बाबा अंधार पडेपर्यंत फाट्यावर थांबले आणि मग एकटेच त्या रस्त्यानं घरी गेले. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्यांच्यावर खूप ओरडले. ते नुसते म्हणाले, तू येशीन असं वाटलं.

मूलच्या मिस्त्रीनं गाडी ओढून नेली. हा मिस्त्री हातापेक्षा तोंडानं जास्त काम करणारा, पण मनाचा मोकळा. त्यानं बॉनेट उघडलं, एक वायर बोटावर घेऊन दाखवली आणि उंदरानं कुरतडली असं जाहीर केलं. टेप गुंडाळली, गाडी सुरू झाली, मी खूश. पुढच्या खेपेला दुसरी वायर. त्याच्या पुढच्या खेपेला तिसरीच काहीतरी नळी. दरवेळी उंदीरच. म्हणजे चोर कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी चोरी थांबत नव्हती.

मग आमच्या क्वार्टरच्या ओळीतला प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. सगळ्यांचा संशय आवारातल्या मोहाच्या झाडावर. फुलांच्या वासानं उंदीर येतात, त्याखाली गाडी लावता म्हटल्यावर दुसरं काय होणार. गाडी मोहापासून लांब, पार पाण्याच्या टाकीजवळ नेऊन लावली. मोहफुलांचे दिवस सरले, झाडाला पानं फुटली, गाडी बंद पडायची ती पडलीच. कोणी म्हणालं बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा. ठेवली. डांबराच्या गोळ्या टाकल्या, फिनेल शिंपडलं. गाडीत बसलं की धर्मशाळेच्या मोरीत बसल्यासारखं वाटायचं. उंदरांना मात्र त्याचं काही नव्हतं. सगळ्यात संताप याचा यायचा की त्याच ओळीत, त्याच टाकीजवळ, शेजाऱ्यांच्या गाड्या उभ्या असायच्या आणि त्यांच्या वायरीला कधी दात लागला नाही. यांना माझीच गाडी का दिसते, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला तर तो म्हणाला, तुझ्या माहेरचे असतील.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं. खिडकीवर बसून मला हे आधीच कळायला हवं होतं. रोज माणसं येतात, तापाच्या गोळ्या मागतात, ताप उतरतो, आठवड्यानं पुन्हा खिडकीवर तोच चेहरा. मग डॉक्टर विचारतात, घराजवळ डबकं आहे का, मच्छरदाणी लावता का. ताप उतरवणं सोपं असतं. तो येतो कुठून हे पाहायला माणसाच्या घरी जावं लागतं. उंदीर हा माझ्या गाडीचा ताप होता, आणि तो येतो कशाला हे कोणीच पाहिलं नव्हतं, मीही नाही.

ते पाहायची पाळी आली बाबांच्या फोनमुळे. धानाची रोवणी आटोपली होती. त्याआधीच्या खेपेला पेट्रोलची नळी कुरतडली गेली होती, गाडीभर वास सुटला होता, आणि नवऱ्यानं पहिल्यांदाच विनोद न करता सांगितलं होतं की आता ही गाडी विकून टाकू. त्यातच बाबांचा फोन आला. ते सहसा स्वतःहून फोन लावत नाहीत.

"तू आता येत नोको जाऊ बाई," ते म्हणाले. "पोळ्याले ये, दिवाळीले ये. बाकी फोनवर बोलू."

"काऊन बाबा?"

"तुही गाडी तुले जंगलात उभी करते. माह्या जिवाले लागून राह्यते. मी हाओ ना चांगला इथी."

ते चांगले नव्हते. आई गेल्यापासून त्यांचं वजन उतरलं होतं, आणि मी जाते त्या दोन दिवसांतच ते नीट जेवतात हे शेजारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी येणार नसले तर ते दाढी करणार नव्हते, वरण शिजवणार नव्हते, कोणाशी चार शब्द बोलणार नव्हते. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. आणि त्या गाडीचा असा राग आला की बाहेर जाऊन तिच्या चाकाला लाथ मारली. लागलं मलाच.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी अर्धी सुट्टी टाकून सकाळीच मूलला मिस्त्रीकडे गेले. गाडी त्या दिवशी रस्त्यात रुसली नाही, फक्त आतला पंखा लावला की कुजकट वास येत होता. मिस्त्रीला म्हटलं, आज वायर जोडायची नाही, टेप लावायची नाही. या उंदरांचं घर शोधायचं, मग त्यासाठी सगळी गाडी सोलावी लागली तरी चालेल. तो म्हणाला की वेळ लागेल. मी टायरवर फळी टाकून त्याच्यासमोर बसले.

त्यानं बॅटरी काढली, हवेचा डबा काढला, त्यात काही नव्हतं. मग वायपर काढले आणि काचेखालची ती काळी जाळी अख्खी उचलली. खाली पत्र्याची एक पन्हळ असते, पावसाचं पाणी वाहून जायला. ती पन्हळ काठोकाठ भरली होती. चिंध्या, सुकलेला पाला, माझ्याच जुन्या फडक्याचा कापूस, आणि त्या सगळ्यात तांदूळ. दाणा-दोन दाणे नव्हे, ओंजळी भरतील इतका. काही फुगून काळा पडलेला, काही अजून पांढरा स्वच्छ, कालपरवा कोणी टाकल्यासारखा. वास तिथूनच येत होता. पाणी अडून तेही आत झिरपत होतं. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि उंदीर कसे सगळ्या गावाचं धान्य गोळा करतात यावर प्रवचन सुरू केलं. मीही मान डोलावली. धान्याचं कोठारच सापडलं म्हटल्यावर शेजारच्या गाड्या सोडून उंदीर इथेच का येतात, हे तरी सुटलं.

मग त्यानं पाल्यात हात घालून एक हळकुंड बाहेर काढलं. पाठोपाठ एक सुपारी. मग आणखी एक हळकुंड.

"ताई, इथी तं लगन लागलं हाय उंदराचं," तो म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसत सुटला.

मला हसू आलं नाही. माझ्या घरात हळदीची पूड असते, पाकिटातली. अख्खं हळकुंड उंदराला माझ्या स्वयंपाकघरात सात जन्मात मिळालं नसतं. आणि तांदूळ, हळकुंड, सुपारी या तीन वस्तू एका जागी कधी येतात हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. मी ते हळकुंड हातात घेतलं आणि ओढणीला पुसलं.

आईचा एक नेम होता. लेक माहेरून निघाली की तिची ओटी भरायची. एरवी ओटी भरतात ती सणावाराला, लग्नकार्यात, पण आईला तेवढं पुरत नसे. मी एका दिवसाकरता आले असले तरी निघताना ती उंबऱ्याशी उभी करायची, ओढणी पसरायला लावायची आणि त्यात ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी घालायची. मी चिडवायची की तुझ्या तांदळावर माझं महिन्याचं रेशन निघतं. ती म्हणायची, लेक रिकामी गेली तर घर रिकामं होते. ती गेल्यानंतर पहिल्यांदा मी बाबांकडून निघाले, तेव्हा सवयीनं उंबऱ्यापाशी थांबले आणि ओढणीचं टोक हातात घेतलं. घरात ओटी भरणारी बाई उरली नाही हे लक्षात आलं आणि मी ओढणी सोडून दिली. बाबा दारातच होते. त्यांनी पाहिलं होतं.

पुरुषानं ओटी भरायची नसते. त्यात बायको गेलेला पुरुष. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, आणि दर खेपेला शेजारच्या बाईला बोलावून आण हे सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आणि मग मला एकेक आठवत गेलं. निघताना मी गाडीत बसले की बाबा मला हमखास परत आत पाठवायचे. चूल विझली का पाहून ये. देवाले हात जोडून ये. उभ्या आयुष्यात देवाला हात जोडायला न सांगणारा माणूस, मला वाटायचं म्हातारपणी भाविक झाला. मी बाहेर यायची तेव्हा ते गाडीच्या काचेजवळ उभे असायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं काच पुसत. काचेवर कधी दाणे दिसायचे. अंगणात सतत धान, चिमण्या, कोंबड्या. त्या दाण्यांकडे कोण पाहतं. लेकीची ओटी भरता येत नाही, तर लेकीला घेऊन जाणाऱ्या गाडीची भरावी, असं त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं होतं. जाळीचा तुटका कोपरा त्यांना त्यासाठी बरा सापडला. आणि गाडी बिघडू लागली तसे ते जास्तच घालत गेले असणार, कारण वरचा तांदूळ ताजा होता आणि पुष्कळ होता. लेक सुखरूप पोचावी म्हणून घातलेल्या त्या ओंजळीनंच लेक रस्त्यात अडकत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा माझा कळसा सबंध उन्हाळा आणि अर्धा पावसाळा माझ्याच काचेखाली होता.

मिस्त्रीनं विचारलं, हे फेकू ना? मी त्याला सगळं काढून पन्हळ धुवायला सांगितली आणि तुटक्या कोपऱ्यावर बारीक तारेची जाळी बसवून घेतली. धुतलेलं एक हळकुंड मात्र रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. ते कुणी घातलं हे त्याला सांगितलं नाही. हसला असता असं नाही, पण ते माझ्याजवळच राहावं असं वाटलं.

तिथून गडचिरोलीला वळण्याऐवजी मी सरळ गावी गेले. फाट्यावर कोणी नव्हतं. बाबा ओसरीत खाटेवर होते, दाढी वाढलेली, चूल थंड. मला पाहून ते उठून बसले आणि पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारला. चांगली आहे म्हटलं. त्या रात्री आम्ही दोघांनी पोटभर भात खाल्ला. काचेखालच्या तांदळाचं बोलायची मला हिंमत होत नव्हती. तुमच्या मायेनं माझी गाडी बिघडत होती, हे वाक्य कितीही गोड करून सांगितलं तरी ते ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पाडणारच.

रविवारी निघायची वेळ झाली. मी पिशव्या गाडीत ठेवल्या. बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, चूल पाहून ये. मी गेले नाही. उंबऱ्याशी उभी राहिले आणि ओढणी पसरली.

"बाबा, आज गाडीत नोका घालू. माह्या ओटीत घाला."

त्यांच्या एका हाताची मूठ बंद होती. ती त्यांनी पाठीमागे नेली. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, नवीन तारेच्या जाळीकडे पाहिलं. त्यांचा जन्म धान साठवायच्या ढोल्या राखण्यात गेलेला. धान आणि उंदीर यांचं नातं त्यांना मी काय सांगणार होते. ते हळूच पायरीवर बसले.

"म्हंजे मीच तुले जंगलात उभं करत होतो," ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांना म्हटलं की असं काही नाही, जाळी तुटकी होती, ती मास्तरांनी बसवून द्यायला हवी होती, उंदीर मेले हरामखोर होते. ते ऐकत नव्हते. बोटांनी मुठीतले दाणे चाळवत होते. मला त्यांच्या त्या वाळलेल्या बोटांची फार माया आली. मग मी उठले, पुन्हा ओढणी पसरली आणि म्हटलं की माझ्या ओटीत उंदीर शिरत नाहीत, तुम्ही घाला.

"माह्या हातची ओटी चालत नाई बाई. एकट्या माणसाची."

"गाडीले चालली, मले चालते."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग आत गेले. डब्यांचा आवाज आला. कुठल्या डब्यात आई हळकुंडं ठेवायची आणि कुठल्या पुडीत सुपारी, हे त्यांना बरोबर माहीत होतं. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या ओढणीत तांदूळ घातले, थोडे खाली सांडले, वर हळकुंड, वर सुपारी. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मग दोघांचंही काही खरं नव्हतं.

मी ओढणीची गाठ मारून वळले तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. पाच दाणे घरात टाक. तुही आई टाकाले लावे ना."

आई तेही करायला लावायची आणि मी साफ विसरले होते. ओटीतले थोडे दाणे निघताना त्याच घरात परत टाकायचे, म्हणजे लेक पुन्हा येते. मी गाठ सोडली आणि पाच कुठले मोजते, मूठभर तांदूळ उंबऱ्याच्या आत टाकले.

"एवढे नोको व," बाबा म्हणाले, "उंदीर येतीन."

मग गाडीचं दार त्यांनी स्वतः लावलं आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "पुढच्या खेपी फाट्यावर येत नाई मी. घरीच बसतो. येशीनच तू."